मीटरमधील छोटी पट्टी

प्रस्तावना

विजेचे बिल हाती आले की आपली नजर प्रथम रकमेवर जाते आणि मग वापरलेल्या युनिटांवर. हे युनिट मोजणारे यंत्र आपल्याच घराच्या भिंतीवर असते; पण त्याच्या आत काय चालते याचा विचार आपण क्वचितच करतो. आजचे मीटर इलेक्ट्रॉनिक आहेत. त्याआधी अनेक दशके भारतातील घराघरांत चकतीचे मीटर होते. काळ्या पेटीच्या काचेतून ॲल्युमिनियमची चकती फिरताना दिसे. घरात दिवे जास्त लावले की ती वेगाने फिरे, आणि सगळे बंद केले की थांबे.

त्या मीटरमध्ये लोखंड आणि निकेल यांच्या मिश्रधातूची एक छोटी पट्टी असे. तापमान वाढले की तिचे चुंबकत्व घटत जाई, आणि नेमक्या त्याच गुणासाठी ती तेथे बसवलेली असे. धातूचे चुंबकत्व उष्णतेने का जाते, ते कोणत्या तापमानाला जाते आणि ते तापमान माणसाला हवे तेथे कसे आणता येते, हे आपण या पाठात पाहणार आहोत.

मूलपाठ

नर्मदेच्या काठी वसलेले जबलपूर हे मध्य प्रदेशातील जुने शहर. १८१७ पर्यंत ते नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते, आणि आजही तेथे मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. १९०४ मध्ये येथे तोफांचे गाडे बनवण्याचा कारखाना सुरू झाला. शहराच्या रामपूर भागात ‘शक्ती भवन’ ही इमारत आहे. मध्य प्रदेशातील वीज मंडळाचा कारभार येथूनच चाले, आणि मंडळाचे विभाजन झाल्यावरही राज्याच्या काही वीज कंपन्यांची मुख्यालये येथेच राहिली. म्हणजे एका मोठ्या राज्यातील विजेचा हिशोब ज्या गावी लागतो, ते हे गाव.

जबलपूरचा उन्हाळा कडक असतो. मे महिन्यात दुपारी पारा ४२ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. जानेवारीत पहाटे तो १० अंशांच्या आसपास उतरतो. मीटर बहुधा ओसरीत किंवा बाहेरच्या भिंतीवर बसवलेला असतो. भिंत पश्चिमेची असेल तर दुपारच्या उन्हाने पेटीच्या आत हवेपेक्षाही अधिक उष्णता साठते. उन्हाळा असो वा हिवाळा, एक युनिट म्हणजे एकच युनिट भरले पाहिजे, अशी ग्राहकाची रास्त अपेक्षा असते. वीज देणाऱ्याचीही तीच अपेक्षा असते. पण चकतीच्या मीटरला ही गोष्ट सहजासहजी जमण्यासारखी नव्हती. तिचे कारण समजण्यासाठी मीटरची रचना थोडक्यात पाहू.

ॲल्युमिनियमच्या चकतीजवळ दोन विद्युतचुंबक असतात. घरात वीज वापरली जाऊ लागली की त्यांच्यामुळे चकतीत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि चकती फिरू लागते. केवळ एवढीच योजना असती, तर चकती नुसती वेग घेत गेली असती. म्हणून तिला लगाम घालणारा एक कायमचा चुंबक बसवतात. चकती त्याच्या दोन टोकांमधील फटीतून फिरते. ती जितकी वेगाने फिरेल, तितका तो तिला अधिक अडवतो. फिरवणारा जोर आणि अडवणारा जोर यांचा मेळ बसला की चकतीचा वेग विजेच्या वापराशी प्रमाणबद्ध राहतो, आणि चकतीच्या फेऱ्या मोजून युनिट कळतात.

येथे अडचण अशी, की लगाम घालणारा चुंबक उष्णतेने किंचित दुबळा होतो. अशा मीटरमध्ये पुढे ‘अल्निको’ नावाच्या मिश्रधातूचे चुंबक वापरले जाऊ लागले. ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांच्या नावांची आद्याक्षरे जोडून हे नाव तयार झाले आहे. मिश्रणात लोखंड तर असतेच. या चुंबकाची शक्ती दर अंशाला सुमारे ०.०२ टक्के घटते. आकडा क्षुल्लक वाटेल. पण हिवाळ्यातील १२ अंश आणि उन्हाळ्यातील ४२ अंश यांत ३० अंशांचा फरक आहे. म्हणजे चुंबक ०.६ टक्क्याने दुबळा झाला. शिवाय चकतीला अडवणारा जोर चुंबकाच्या शक्तीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. त्यामुळे तो सुमारे १.२ टक्के घटतो आणि चकती तेवढी जलद फिरते. १०० युनिट वीज वापरली, तर मीटर सव्वा युनिटाच्या जवळपास अधिक दाखवणार.

एखाद्याला वाटेल, उन्हाळ्यात जास्त दाखवले तर हिवाळ्यात कमी दाखवेल, आणि वर्षअखेर हिशोब सारखा होईल. तसे होत नाही. जबलपूरसारख्या गावी पंखे आणि कूलर उन्हाळ्यातच रात्रंदिवस चालतात. म्हणजे ज्या काळात मीटर जलद धावणार, नेमका त्याच काळात विजेचा वापर सर्वाधिक असणार. वर्षाची गोळाबेरीज केली तर तोटा ग्राहकाच्याच पदरात पडला असता. एका घरात ही रक्कम किरकोळ. पण संपूर्ण शहराचा विचार केला तर ती लहान राहत नाही.

या दोषावर काढलेला तोडगा म्हणजेच आपली छोटी पट्टी. लगामी चुंबकाच्या दोन टोकांना जोडून ती बसवतात. चुंबकाचा काही प्रभाव चकतीकडे न जाता या पट्टीतून परस्पर निघून जातो. शेतीचे उदाहरण घेऊ. विहिरीवरून शेताकडे पाट चालला आहे आणि वाटेत त्याला एक बाजूचे दारे आहे. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी कमी झाले. पण त्याच मापाने बाजूचे दारेही मिटत गेले, तर शेताला मिळणारे पाणी तेवढेच राहील. मीटरमधील पट्टी या दाऱ्याचे काम करते. तापमान वाढले की मुख्य चुंबक दुबळा होतो, परंतु पट्टीचे चुंबकत्व त्याहून कितीतरी झपाट्याने घटते. तिच्यातून वाया जाणारा प्रभाव कमी होतो, तो चकतीकडे वळतो, आणि चकतीवरचा लगाम आहे तेवढाच राहतो. या पट्टीला फिरणारा भाग नाही, तारा नाहीत, तेलपाणी लागत नाही.

पाठगत प्रश्न : लगामी चुंबक दुबळा झाला तर चकती जलद का फिरते? उन्हाळ्यातील चूक हिवाळ्यात का भरून निघत नाही? उत्तरे आपल्या शब्दांत वहीत लिहा आणि मग पुढे वाचा.

आता मुळाकडे वळू. धातूचे चुंबकत्व उष्णतेने का जावे?

लोखंडाचा प्रत्येक अणू स्वतः एक अतिसूक्ष्म चुंबक असतो. शेजारशेजारच्या अणूंचा कल एकाच दिशेला तोंड करण्याकडे असतो. शाळेच्या मैदानावर लेझीम खेळणारी मुले डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक जण शेजाऱ्याकडे पाहून पाऊल टाकतो आणि सगळा मेळ एका ठेक्यात हलतो. अणूंच्या अशा मेळातूनच धातूला चुंबकत्व लाभते. उष्णता म्हणजे या मेळात सुरू झालेली धक्काबुक्की. थोडी असेपर्यंत एखाददुसऱ्याचे पाऊल चुकते, पण ठेका टिकतो. ती वाढत गेली की चुकणारे वाढतात, आणि त्यांच्याकडे पाहणारेही चुकू लागतात. अखेरीस एका ठरावीक तापमानाला संपूर्ण मेळ मोडतो. म्हणूनच चुंबकत्व आधी हळूहळू आणि शेवटी झपाट्याने घटते. वैज्ञानिक या घटनेला चुंबकीय प्रावस्था संक्रमण म्हणतात. प्रावस्था म्हणजे पदार्थाची स्थिती. बर्फ आणि पाणी या जशा एकाच पदार्थाच्या दोन प्रावस्था, तशाच चुंबकीय लोखंड आणि अचुंबकीय लोखंड या.

तापून लाल झालेल्या लोखंडाला चुंबक ओढत नाही, हे इंग्लंडमधील विल्यम गिल्बर्ट याने १६०० मध्ये आपल्या ग्रंथात नोंदवले होते. फ्रान्समधील प्येर क्युरी यांनी १८९५ मध्ये या विषयाचा काटेकोर अभ्यास सादर केला. त्यांच्या नावावरून चुंबकत्व नाहीसे होण्याच्या तापमानाला क्युरी बिंदू म्हणतात. शेजारच्या अणूंच्या परस्पर प्रभावाची कल्पना मांडून प्येर वाइस यांनी १९०७ मध्ये त्याचे स्पष्टीकरण दिले. लोखंडाचा क्युरी बिंदू ७७० अंश सेल्सिअस, कोबाल्टचा सुमारे ११२० अंश आणि निकेलचा सुमारे ३५८ अंश.

लोहाराला हे शास्त्र माहीत नसले तरी त्याचा परिणाम त्याच्या हाताखालचा असतो. जबलपूरच्या पूर्वेला मंडला आणि दिंडोरी या जिल्ह्यांत अगरिया जमातीचे लोक राहतात. मातीच्या भट्टीत दगडापासून लोखंड काढणे हा त्यांचा परंपरागत व्यवसाय. व्हेरियर एल्विन यांनी १९४२ मध्ये या जमातीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. भात्याने फुललेल्या निखाऱ्यांत लोखंड किती तापले हे असे कारागीर रंगावरून ओळखत. पण रंग फसवतो. उन्हात तो फिका दिसतो आणि सावलीत गडद. म्हणून पोलादाचे हत्यार बनवणारे अनेक लोहार एक सोपी खूण वापरतात. सांडशीत धरलेले तापलेले पाते ते चुंबकाजवळ नेतात. चुंबक त्याला ओढेनासा झाला, की आणखी थोडा ताव देऊन पात्याला पाणी देतात. असे दिलेले पाणी पात्याला धार धरण्याइतके कठीण करते.

मात्र येथे एक गल्लत टाळली पाहिजे. पाते कठीण होते ते त्याचे चुंबकत्व गेल्यामुळे नव्हे. पोलादातील अणूंची मांडणी ७२७ अंशांपासून बदलू लागते आणि त्या बदलामुळे ते पाणी घेते. चुंबकत्व जाण्याचा अंश जवळच असल्याने चुंबक केवळ खूण म्हणून उपयोगी पडतो. ही गल्लत मोठमोठ्या विद्वानांचीही झाली होती. लोखंडाच्या निरनिराळ्या रूपांना ग्रीक अक्षरांची नावे देताना, ७७० अंशांच्या वरचे अचुंबकीय लोखंड हे वेगळेच रूप समजून त्याला ‘बीटा’ म्हटले गेले. पुढे १९२० च्या दशकाच्या सुरुवातीस क्ष-किरणांनी तपासल्यावर दिसून आले की, ७७० अंशांना अणूंच्या जागा जराही बदलत नाहीत. बदलते ती केवळ त्यांची तोंडे वळण्याची शिस्त. बीटा लोखंडाची वेगळे रूप म्हणून गणना थांबली. म्हणूनच धातुशास्त्राच्या पुस्तकांत अल्फा लोखंडानंतर एकदम गॅमा लोखंड येते.

शुद्ध धातूचा क्युरी बिंदू निसर्गाने ठरवून दिलेला असतो. मिश्रधातूचा मात्र माणूस ठरवू शकतो, आणि आपल्या पट्टीची खरी कथा येथे सुरू होते. चुंबकीय धातूत दुसरा धातू मिसळला की लेझमीच्या मेळात न खेळणारी माणसे येऊन उभी राहिल्यासारखे होते. शेजारी तुटतो, ठेका लवकर मोडतो, आणि क्युरी बिंदू खाली येतो. निकेलमध्ये तांबे मिसळत गेलो तर त्याचा क्युरी बिंदू ३५८ अंशांवरून उतरत उतरत खोलीच्या तापमानापर्यंत येतो, आणि तांबे फार झाले की चुंबकत्व कोणत्याच तापमानाला उरत नाही.

याचा पडताळा घरातील जुन्या नाण्यांवर घेता येतो. १९५० ते १९७० या काळातील एक रुपयाचे नाणे निकेलचे होते. ते चुंबकाला चिकटते. १९७५ पासून निघालेले रुपयाचे नाणे तीन भाग तांबे आणि एक भाग निकेल यांचे होते; ते चिकटत नाही. १९९२ पासूनचे नाणे स्टेनलेस स्टीलचे असून ते पुन्हा चिकटते. (स्टेनलेस स्टील चुंबकाला चिकटतच नाही, असा एक समज आहे. काही प्रकार चिकटतात, काही नाहीत.)

गॅडोलिनियम नावाच्या धातूचा क्युरी बिंदू तर सुमारे २० अंश आहे. त्याचा तुकडा जबलपूरला नेला, तर जानेवारीच्या पहाटे तो चुंबकाला चिकटून राहील आणि मे महिन्याच्या दुपारी गळून पडेल. पण हा धातू महाग. मीटरमध्ये तो कोण घालणार?

लोखंड आणि निकेल हे दोन्ही धातू चुंबकीय, स्वस्त आणि सहज मिळणारे. त्यांचे मिश्रण अधिकच चुंबकीय असेल असे वाटते. प्रत्यक्षात ते प्रमाणावर अवलंबून असते. निकेल सुमारे ३० टक्के ठेवले की क्युरी बिंदू घसरून उन्हाळी तापमानाच्या थोडा वर येऊन थांबतो. मीटरची पट्टी या मिश्रणाची असते. क्युरी बिंदू जवळ असल्यामुळेच जबलपूरच्या थंडी-उन्हाच्या फरकाने तिच्या चुंबकत्वात मोठा उतार पडतो. निकेल एखाद्या टक्क्याने इकडेतिकडे झाले तरी हा बिंदू कित्येक अंशांनी सरकतो, म्हणून भट्टीत मिश्रण करताना फार काटेकोर राहावे लागते. निकेल ३६ टक्के केले तर ‘इन्व्हार’ मिळतो. तापमान बदलले तरी हा मिश्रधातू जवळजवळ प्रसरण पावत नाही. तो शार्ल गियोम यांनी १८९६ मध्ये शोधला आणि त्यांना १९२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. सहा टक्के निकेलने एवढा पालट होतो.

निकेल २५ टक्क्यांवर आणले तर आणखीच नवल घडते. ते प्रथम पाहिले इंग्लंडमधील विद्युत अभियंता जॉन हॉपकिन्सन यांनी, १८८९-९० च्या सुमारास. त्यांच्या हाती आलेला या पोलादाचा तुकडा नेहमीच्या तापमानाला चुंबकाकडे मुळीच ओढला जात नव्हता. गोठणबिंदूच्या बराच खाली थंड केल्यावर तो चुंबकीय झाला. तो पुन्हा खोलीच्या तापमानाला आणला, तरी चुंबकीयच राहिला! त्याचे चुंबकत्व घालवण्यासाठी तो ५८० अंशांपर्यंत तापवावा लागला. मग थंड होऊन खोलीच्या तापमानाला आला तेव्हा तो पूर्ववत अचुंबकीय होता. एकच धातू, एकच तापमान, तरी दोन निराळ्या स्थिती. कोणती मिळेल ते तो तुकडा थंडीतून आला की उष्णतेतून, यावर अवलंबून. येथे अणूंची मांडणीही बदलते, आणि मांडणी मोडायला व पुन्हा बसायला बराच नेट लागतो, म्हणून जाण्याची वाट आणि येण्याची वाट वेगळी पडते. मीटरसाठी असला मिश्रधातू कुचकामी ठरला असता. कालच्या थंडीची आठवण धरून आजचे युनिट मोजणारा मीटर कोणाला हवा?

याच हॉपकिन्सन यांचा आपल्या बिलाशी आणखी एक संबंध आहे. वीज वापरा अथवा न वापरा, ग्राहकासाठी यंत्रसामग्री सज्ज ठेवण्याचा खर्च होतोच. तेव्हा त्याचा एक आकार आणि वापरलेल्या विजेचा दुसरा आकार असावा, हा विचार त्यांनी १८९२ मध्ये मांडला. आजच्या बिलावरील ‘स्थिर आकार’ हा त्याच विचाराचा वंशज. ग्राहकांना तो फारसा आवडत नाही, हे खरे.

जाण्या-येण्याची वाट वेगळी असलेल्या अशा संक्रमणांचा अभ्यास मध्य प्रदेशातच, इंदूरला, पुढे चालला. तेथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील एस. बी. रॉय, प्रवीण चड्ढा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेरियम आणि लोखंड यांच्या मिश्रधातूत किंचित ॲल्युमिनियम किंवा रुथेनियम घालून प्रयोग केले. हा मिश्रधातू थंड होताना प्रथम चुंबकीय होतो आणि आणखी खोल थंडीत त्याचे चुंबकत्व पुन्हा जाते. शेजारचे अणू तेव्हा एकमेकांविरुद्ध तोंड करून उभे राहतात. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, हा बदल संपूर्ण तुकड्यात एकाच वेळी होत नाही. नदीच्या पात्रात पाणी आणि बर्फ एकत्र असावेत तशी काही ठिकाणी जुनी आणि काही ठिकाणी नवी स्थिती शेजारी शेजारी नांदते. पुढे असेही आढळले की, प्रबळ चुंबकाच्या सान्निध्यात तुकडा थंड केला तर बदल अर्ध्यावरच अडकून पडतो, जसा काचेचा रस गोठताना अडकतो. अशा पदार्थांना ‘चुंबकीय काच’ असे सुरेख नाव मिळाले आहे.

२००६ मध्ये केंद्रीय वीज प्राधिकरणाने नियम केले, त्यांनुसार ग्राहकांचे नवे मीटर चकतीविना असावेत असे ठरले. त्यामुळे फिरणारी चकती आणि तिच्याशेजारची पट्टी हळूहळू घरांतून गेली. क्युरी बिंदूवर चालणारी एक वस्तू मात्र बऱ्याच स्वयंपाकघरांत आहे. विजेवर भात शिजवणाऱ्या कुकरच्या तळाशी एक चुंबक आणि त्याला चिकटलेला फेराइटचा तुकडा असतो. फेराइट हा मिश्रधातू नव्हे, लोखंडाच्या ऑक्साइडपासून केलेला पदार्थ आहे. नियम मात्र तोच. भांड्यात पाणी असेपर्यंत तळ १०० अंशांच्या वर जात नाही. पाणी तांदळाने शोषले की तळ तापू लागतो, काही अंश चढताच फेराइटचे चुंबकत्व जाते, स्प्रिंग त्याला चुंबकापासून ओढते आणि कळ खाली पडते. आपल्याला ऐकू येतो तो ‘खट्’ आवाज त्या क्षणाचा असतो.

स्वाध्याय

१. मीटरमधील पट्टीचा क्युरी बिंदू लोखंडाइतका, म्हणजे ७७० अंश असता, तर तिचा उपयोग झाला असता का? कारण द्या.

२. लगामी चुंबकाची शक्ती ०.६ टक्क्याने घटली तर चकतीचा वेग सुमारे १.२ टक्के का वाढतो?

३. ‘पोलादाला पाणी देणे’, ‘ताव देणे’ हे कारागिरांचे शब्दप्रयोग आहेत. आपल्या परिसरातील कारागिरांच्या बोलण्यातील असे पाच शब्दप्रयोग मिळवा आणि प्रत्येकाचा अर्थ एका वाक्यात लिहा.

४. घरातील निरनिराळ्या वर्षांची नाणी चुंबकाजवळ नेऊन पाहा. नाण्याचे मूल्य, वर्ष आणि ते चिकटले की नाही, याची नोंद वहीत करा.